बारा गावांच्या नोंदी

नल्लकुंटा, हैदराबाद
१२ जानेवारी २०२५

शिवानीस,

जयभीम. आशीर्वाद लिहायचा की नाही ते पत्र पुरं झाल्यावर ठरवेन, कारण मी अजून रागात आहे.

तू माझा फोन घेत नाहीस. मेसेज वाचल्याच्या निळ्या खुणा दिसतात, पुढं काही नाही. म्हणून तुझ्या आईकडून दिल्लीचा पत्ता घेतला. अक्षर मोठं आणि सुटं काढतो आहे. मराठी वाचायला तुला वेळ लागतो हे मला माहीत आहे, पण इंग्रजीत मला फक्त ऑफिसची पत्रं लिहिता येतात. तसलं एक पत्र आपल्या दोघांमध्ये झालं तेवढं पुरे.

आधी कामाचं. धान्याच्या निर्यात धोरणात पाण्याचा विचार करायचा की नाही, हे ठरवणारी दिल्लीची ती सरकारी समिती मार्चमध्ये हैदराबादला येणार आहे. निर्यातदारांचं म्हणणं ऐकून घेणार आहेत. कंपनीतर्फे मी बोलायचं असं सुरेशसेठनी ठरवलं आहे. तेरा महिन्यांपूर्वी जे लिहून दिलं तेच आता तोंडानं सांगायचं. तुला हे दुसऱ्या कुणाकडून कळू नये म्हणून कळवतो.

आता माझी बाजू. ती तू कधी ऐकून घेतली नाहीस.

सेठच्या कंपनीत मला चौतीस वर्षं झाली. सिकंदराबादच्या गोदामात पोत्यांवर शिक्के मारण्यापासून सुरुवात केली, आज धानाची खरेदी आणि निर्यातीची कागदपत्रं दोन्ही माझ्याकडे आहेत. मेदक बाजूला उंचावरची बारा गावं आहेत, तिथं कालव्याचं पाणी पोचत नाही. तिथल्या शेतकऱ्यांना आम्ही बारीक धानाचं बी देतो आणि पीक विकत घेतो. उन्हाळी धान सगळं बोअरवर. कुठली बोअर कधी दम तोडणार हे कळलं नाही तर जहाजात किती माल भरता येईल ते सांगता येत नाही. म्हणून २००९ पासून प्रत्येक गावातल्या ठरलेल्या बोअरचं पाणी किती फुटांवर आहे, ते मी दर पंधरा दिवसांनी वहीत लिहीत आलो. धंद्याच्या सोयीसाठी. जगाला दाखवण्यासाठी नाही.

२०२३ च्या मे महिन्यात तू सुट्टीला घरी आलीस आणि मला न विचारता त्या चौदा वह्यांचे फोटो काढून नेलेस. नोव्हेंबरात तुमच्या संस्थेचा अहवाल निघाला. पेपरात आलं, की एका निर्यातदाराच्या स्वतःच्या नोंदींप्रमाणे चौदा वर्षांत पाणी सत्तर फुटांवरून दोनशे चाळीस फुटांवर गेलं. खाली बाराही गावांची नावं. निर्यातदार कोण ते बाजारात कुणाला विचारावं लागलं नाही. सेठनी मला केबिनमध्ये बोलावलं. तुमच्या संस्थेला आणि समितीला द्यायचं पत्र वकिलानं तयारच ठेवलं होतं. नोंदी प्रत्यक्ष मापाच्या नाहीत, गावच्या माणसानं अंदाजानं सांगितलेल्या आहेत, आणि एका संशोधिकेनं त्या परवानगीशिवाय नेल्या, असा मजकूर. मी घाईत सही केली. पुरतं वाचलंसुद्धा नाही.

त्या पत्रावरून संस्थेनं अहवाल मागं घेतला आणि तुला त्या कामावरून काढलं, याचं वाईट वाटतं. पण बापाच्या भाकरीला तू हात लावलास हेही तितकंच खरं आहे.

त्या दिवशी फोन करून तू एकच विचारलंस. "पप्पा, सही तुमची आहे?" मी हो म्हणालो. तू फोन ठेवलास. का केली हे तू विचारलं असतंस तर मी सांगितलं असतं.

आईची तब्येत बरी आहे. कमी बोलते.

पप्पा


नल्लकुंटा
९ फेब्रुवारी २०२५

शिवानीस जयभीम.

काल दुपारी दत्तोबा घरी आले होते. तुला ते आठवतात का माहीत नाही. नारायणखेडकडचे आहेत, घरी मराठी बोलणारे. त्या बारा गावांत आमचे फील्डचे माणूस म्हणून चौदा वर्षं राबले. वहीत लिहायचं काम माझं, पण बोअरमध्ये दोरी सोडायचं काम त्यांचं. नायलॉनची दोरी, टोकाला लोखंडी लंबक, दर दहा फुटांवर एक गाठ. बोअरच्या केसिंग पाइपच्या कडेनं दोरी सोडत जायची, लंबक पाण्याला टेकला की हाताला कळतं. मग गाठी मोजत वर ओढायची. आता ते अडुसष्ट वर्षांचे आहेत आणि घरीच असतात.

तुरीच्या शेंगांची पिशवी घेऊन आले. आईनं चहा केला. त्यांनी चहा बशीत ओतला आणि तसाच ठेवून दिला.

त्यांची सून अंगणवाडीत आहे. समितीनं आलेली सगळी पत्रं संगणकावर खुली केली आहेत, त्यातलं आमच्या कंपनीचं पत्र तिनं त्यांना तेलुगूत सांगितलं. ते मला म्हणाले, "साहेब, अंदाजानं म्हंजे काय हो?"

मी म्हणालो, वकिलाची भाषा आहे ती, मनावर घेऊ नका.

"वकिलानं मला कधी बगितलं न्हाई," दत्तोबा म्हणाले. "तुमी बगितलंय."

त्यांनी भांडण केलं नाही, आवाजही चढवला नाही. २०१४ सालची गोष्ट त्यांनी आठवण करून दिली. शेवटच्या गावाहून परत यायला ते निघाले, अर्ध्या वाटेवर शंका आली की गाठी सतरा मोजल्या की अठरा. सायकल वळवली आणि आठ किलोमीटर उन्हात मागं गेले. सतराच होत्या. तेव्हा मी त्यांच्यावर चिडलो होतो, एका गाठीनं काय बिघडतं म्हणून. ते मला आठवलं, त्यांनाही आठवत होतं.

जाताना म्हणाले, "गावात लोक इच्यारत्यात, दत्तोबा, तुमी बसल्या जागी आकडे सांगत होता का. मी काय सांगू तेवडं सांगा."

मी म्हणालो, सांगतो. काय सांगणार ते मलाच ठाऊक नव्हतं.

ते गेल्यावर आईनं गार झालेला चहा मोरीत ओतला. संध्याकाळी भाजी निवडता निवडता म्हणाली, पोरीचं ठीक आहे, ती शिकलेली आहे, तिला तुमच्याशी भांडता तरी येतं.

पप्पा


नल्लकुंटा
१६ फेब्रुवारी २०२५

शिवानी,

पहिल्या पत्रात एक खोटं लिहिलं आहे. ते दुरुस्त करतो.

वह्या नेण्याआधी तू मला विचारलं होतंस. रविवार होता, मी टीव्हीवर मॅच बघत होतो. तू वही हातात घेऊन दारात उभी राहिलीस आणि म्हणालीस, "पप्पा, हे वापरू? गावांची नावं येतील." मी म्हणालो, घे की, कोण वाचतंय. मग टीव्ही बंद करून तासभर तुझ्याजवळ बसलो आणि माझ्या खुणा समजावून सांगितल्या. गोल म्हणजे बोअर चालू, फुली म्हणजे आटली, 'ह' म्हणजे मोटर हवा ओढते. इतक्या वर्षांत त्या वह्या कुणी बघायला मागितल्या नव्हत्या. मला बरं वाटलं होतं.

सेठनी विचारलं, तुम्ही दिल्या का? तेव्हा मी नाही म्हणालो. मग वकिलाला नाही म्हणालो. दोनतीनदा म्हटल्यावर मलाही ते खरं वाटायला लागलं. तुझ्या आईला खरं माहीत होतं, कारण ती त्या दुपारी स्वयंपाकघरातच होती. तिनं मला एकदा आठवण करून दिली, तेव्हा मी तिच्यावर ओरडलो.

सेठना नाही का म्हणालो तेही सांगतो. तुझ्या जन्माच्या आधी आपण बर्कतपुऱ्यात भाड्यानं राहत होतो. तू आईच्या पोटात होतीस. घरमालकाला आपली जात कळली आणि दोन दिवसांत सामान बाहेर आलं. सेठच्या वडिलांनी काही न विचारता गोदामावरची खोली उघडून दिली. तुझा पहिला वाढदिवस त्याच खोलीत झाला. सुरेशसेठनी ही गोष्ट कधी बोलून दाखवली नाही. त्या दिवशी केबिनमध्येही नाही. पण माझ्या डोक्यात ती होती.

आणखी एक. तू दिल्लीला गेल्यापासून मी लोकांना सांगत असतो की या विषयाचं खूळ तुझ्या डोक्यात कॉलेजनं भरलं. तेही खरं नाही. २०१६ मध्ये आखातातल्या एका देशाचा खरेदीदार गोदाम बघायला आला होता. चहा पिताना त्यानं सांगितलं, की आमच्या सरकारनं आम्हाला गहू पेरायलाच बंदी केली, जमिनीतलं पाणी संपत आलं म्हणून. आता तुमच्यासारख्यांकडून धान्य आणतो, ते पाणी तुमचं जातं. आणि हसला. मी घरी येऊन हा विनोद म्हणून सांगितला. तू तेव्हा नारायणगुड्याच्या कॉलेजात अकरावीला होतीस. तू हसली नाहीस. तू विचारलंस, मग आपल्या सरकारनं आपल्याला काय सांगितलंय? मी म्हणालो, आपलं सरकार म्हणतं, जास्तीत जास्त विका.

त्यानंतर वर्षभर जेवताना तू मला छळलंस. एक किलो तांदळाला किती पाणी लागतं, उन्हाळ्यात किती, बोअरचं किती. अडीच-तीन हजार लिटर हा आकडा मी तुझ्याकडूनच पहिल्यांदा ऐकला. मी धान खरेदी करणारा माणूस, मला तो माहीत नव्हता.

मार्चमध्ये काय बोलायचं ते मी अजून ठरवलेलं नाही. ठरवलंय असं लिहिलं तर तेही खोटंच होईल.

पप्पा


नल्लकुंटा
२२ मार्च २०२५

शिवानीस जयभीम.

परवा समितीची सुनावणी झाली. तुमच्या संस्थेतलं कुणी नव्हतं, त्यामुळं तुला कोणी काय सांगितलं असेल ते मला माहीत नाही. घडलं तसं लिहितो.

सिकंदराबादच्या एका हॉटेलातला हॉल होता. पुढं समितीचे पाच जण, अध्यक्ष एक बाई. साठसत्तर निर्यातदार आणि गिरणीवाले. मी दत्तोबांना बोलावलं होतं. ते पांढरं धोतर नेसून शेवटच्या ओळीत बसले होते. मी त्यांना का बोलावलं ते सेठना सांगितलं नव्हतं, आणि खरं तर उठून उभा राहीपर्यंत माझं मलाही पक्कं नव्हतं.

आधी सेठ बोलले. ते चांगलं बोलले, हे तुला ऐकायला आवडणार नाही. ते म्हणाले, २०२३ मध्ये तुम्ही तांदळाची निर्यात बंद केली ती भावासाठी, तेव्हा पाण्याचं कुणी नाव काढलं नाही. वर्षभरानं बंदी उठवली तेव्हाही नाही. आमचं आफ्रिकेतलं गिऱ्हाईक त्या वर्षात दुसऱ्या देशांनी नेलं. आता म्हणता पाणी बघा. मोटरला वीज फुकट कोण देतं? धानाची खरेदी हमीनं कोण करतं? तूर लावली तर ती कोण उचलतं? शेतकऱ्याला तुम्हीच धानाकडं ढकलायचं आणि बंदरावर उभं राहून मला अडवायचं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, कारण त्यातलं काही खोटं नव्हतं.

मग माझं नाव पुकारलं. समितीतल्या एकानं कंपनीचं पत्र वाचलं आणि विचारलं, हे तुमचंच निवेदन आहे ना?

मी आपल्या हैदराबादी हिंदीत बोललो. म्हणालो, सही माझी आहे. पण पत्रात लिहिलंय ते खरं नाही. नोंदी खऱ्या आहेत. अंदाज एकही नाही. दर पंधरवड्याला दोरी सोडून घेतलेली मापं आहेत, आणि ज्यांनी ती घेतली ते गृहस्थ मागं बसले आहेत, त्यांना विचारा.

अध्यक्षबाईंनी विचारलं, मग संशोधिकेनं त्या परवानगीशिवाय नेल्या हे?

मी म्हणालो, तेही खोटं. तिनं मला विचारलं होतं आणि मी हो म्हणालो होतो.

"तुम्ही त्यांना ओळखता?"

"माझी मुलगी आहे," मी म्हणालो.

त्यांनी हे लिहून घेतलं. मग दत्तोबांना पुढं बोलावलं. दत्तोबा तेलुगूत बोलले. दोरी कशी, लंबक कसा, गाठी कशा, सगळं सांगितलं. समितीतल्या एका भूजलवाल्यानं त्यांची परीक्षा घेतली. मोटर चालू असताना माप घेत होता का? दत्तोबा म्हणाले, नाही, मोटर बंद करून दोन तास थांबायचो, नाहीतर पाणी खरं बोलत नाही. तो भूजलवाला हसला आणि मान हलवून खाली बसला.

मग मी न विचारता आणखी एक बोललो. म्हणालो, आमच्या सेठनी आत्ता सांगितलं ते बरोबर आहे. नुसतं निर्यातदाराला अडवून पाणी वाढणार नाही. पण कुठल्या गावचं, कुठल्या हंगामाचं, कुठल्या पाण्याचं धान जहाजात चढतंय हे कागदावर लिहायला काय हरकत आहे? कागद मी करतो, मला माहीत आहे. पोत्याचा रंग लिहितो, शिलाई लिहितो, कीड नाही असं लिहितो. पाण्याची एक ओळ जास्त होईल.

बाहेर पार्किंगमध्ये सेठ गाडीजवळ माझी वाट बघत थांबले होते. रागावले नव्हते, थकल्यासारखे दिसत होते. म्हणाले, "शंकरराव, तुम्ही मला आधी सांगायला पाहिजे होतं."

मी म्हणालो, "आधी सांगितलं असतं तर तुम्ही मला आणलंच नसतं."

ते म्हणाले, "हौ, नसतं आणलं." मग गाडीत बसून गेले. मी आणि दत्तोबा बसनं आलो. त्यांना स्टँडवर सोडलं. उतरताना त्यांनी फक्त विचारलं, तुमच्या नोकरीचं काय. मी म्हणालो, बघू.

आईला मी सगळं सांगितलं. तिनं दोनदा सांगायला लावलं.

पप्पा


नल्लकुंटा
४ मे २०२५

शिवानीस जयभीम.

एप्रिलपासून मी घरी आहे. सेठनी माणूस पाठवून टेबलातलं माझं सामान पोचतं केलं, सोबत चौदाही वह्या. त्या ठेवून घेतल्या असत्या तर मी काही करू शकलो नसतो. चिठ्ठी वगैरे नव्हती. मी एकदा त्यांना भेटायला गेलो, तासभर बाहेर बसलो, ते कामात आहेत असा निरोप आला. परत गेलो नाही.

सकाळी डबा न घेता दिवस सुरू करायची सवय अजून लागलेली नाही. गल्लीत टँकर आला की मी बादल्या लावायला खाली जातो. शेजारच्या कुसुमताई म्हणतात, शंकरराव, तुम्ही रिटायर झाल्यापासून रांग शिस्तीत लागते.

तू पत्राचं उत्तर देत नाहीस, ते ठीक आहे. पण काल आई गॅलरीतून तुझ्याशी फोनवर बोलत होती, आणि मला हाक मारून म्हणाली, अहो, लंबक म्हणजे काय ते पोरगी विचारते. मी तिथूनच सांगितलं, दोरीला बांधायचं वजन. आईनं ते तुला सांगितलं. तू फेब्रुवारीच्या पत्रापर्यंत आली आहेस एवढं मला कळलं. पुढची सावकाश वाच.

पप्पा


नल्लकुंटा
१९ ऑक्टोबर २०२५

शिवानीस जयभीम.

धोरणाचा मसुदा आला. मी नारायणगुड्याच्या एका दुकानात छापून घेतला आणि चार दिवस घेऊन बसलो. तुला हे सगळं माझ्याआधी माहीत असणार, तरी माझं मत लिहितो.

पहिली दोन वर्षं पाण्याची माहिती फक्त जाहीर करायची, आणि तीही उन्हाळी धानापुरती. भूजल अति उपसलेल्या गावांचं धान त्यानंतर हळूहळू कमी करायचं, पण किती ते लिहिलेलं नाही. डाळी आणि जवारीच्या निर्यातीला सवलत. वीज आणि हमी खरेदीबद्दल एक शब्द नाही, म्हणजे सेठ जे बोलले होते ते तसंच राहिलं. मी अर्जांचे फॉर्म भरण्यात आयुष्य घालवलं, त्यामुळं यात पळवाटा कुठं आहेत ते मला बोटानं दाखवता येतील. धान शेजारच्या गावात वजन करून घेतलं की गावाचं नाव बदलतं. मी ते समितीला लिहून पाठवलं आहे. पोच आली.

मागं घेतलेला तुमचा अहवाल समितीनं पुन्हा ग्राह्य धरला आणि परिशिष्टात छापला. तुझं नाव तिसऱ्या जागी आहे. आधी पहिलं होतं. याबद्दल तू काही बोलली नाहीस असं आई म्हणाली.

गावांकडची बातमी दत्तोबांकडून कळते. बारापैकी चार गावांत सेठनी या हंगामाला धानाऐवजी तुरीचं बी दिलं. मन पालटलं म्हणून नाही, युरोपातल्या एका गिऱ्हाइकानं पाण्याचा कागद मागितला म्हणून. तीन गावांतले लोक दुसऱ्या व्यापाऱ्याकडे गेले, तो विचारत नाही. बाकीच्यांत जसं होतं तसं चालू आहे. एका गावात सहाशे पन्नास फुटांची नवी बोअर मारली, कोरडी लागली.

तू विचारशील, मग एवढं करून काय मिळालं. मी दत्तोबांना विचारलं होतं. ते म्हणाले, आता गावात मला कुणी काही इच्यारत न्हाई.

पप्पा


नल्लकुंटा
१७ मार्च २०२६

शिवानीस,

तू परवा विमानानं परत गेलीस. तू घरी न उतरता गेस्ट हाउसला उतरलीस, याचं आईला वाटायचं ते वाटलं. मला नाही. समितीनं त्याच बोअर पुन्हा मोजायचं काम तुमच्या संस्थेला दिलं आणि त्यासाठी तू स्वतः आलीस, मला आणि दत्तोबांना बरोबर घेतलंस, हे माझ्या अपेक्षेपेक्षा जास्त होतं.

तीन दिवसांत आपण कामाखेरीज बोललो नाही. तुझं ते टेपसारखं यंत्र पाण्याला लागलं की शिटी वाजवतं, ते दत्तोबांना फार आवडलं. तरी त्यांनी शेजारून आपली दोरी सोडलीच. यंत्र दोनशे अडुसष्ट म्हणालं. दत्तोबा म्हणाले, सव्वीस गाठी आणि वर हातभर कमी दहा फूट. तू हसलीस. सव्वादोन वर्षांनी मी तुला हसताना पाहिलं, म्हणून इथं लिहिलं.

तुरीच्या चार गावांपैकी एकात पाणी चार फूट वर आलं होतं. मी लगेच काही बोलणार होतो, तर तू म्हणालीस, एका वर्षाच्या चार फुटांवरून काही सिद्ध होत नाही, पाऊसही बरा झाला होता. बरोबर आहे. मी वहीत चार फूट एवढंच लिहिलं.

शेवटच्या दिवशी दत्तोबांना घरी सोडल्यावर गाडीत आपण दोघंच मागं होतो. तूपरान गाव मागं पडल्यावर तू खिडकीबाहेर बघत विचारलंस, "पप्पा, सही करताना मी आठवले होते का?"

मी म्हणालो, तेव्हा काही सुचलंच नाही गं, सगळं घाईत झालं.

तू मान हलवलीस. पुढं विमानतळापर्यंत फोनवर काम करत राहिलीस. उतरताना बॅग मी उचलायला गेलो तर तू उचलू दिलीस.

तेव्हापासून दोन दिवस मी हे पत्र मनात लिहितो आहे. गाडीत सांगितलं ते खोटं आहे, आणि पहिल्या पत्रात घाईत सही केली असं लिहिलं तेही. हॉलमध्ये सगळ्यांसमोर खरं बोललो, तेव्हाही हे बोललो नव्हतो. आईला सांगितलेलं नाही.

घाई नव्हती. वकिलानं पत्र माझ्यापुढं ठेवलं आणि सेठ म्हणाले, नीट वाचा शंकरराव, पाहिजे तर उद्या द्या. मी खुर्ची ओढून बसलो आणि ते दोनदा वाचलं. माझं इंग्रजी तेवढं आहे. या पत्रानं तुझं काम जाईल हे मला पहिल्या वाचनातच कळलं. मग मी विचार केला, की तू चोवीस वर्षांची आहेस, दिल्लीत शिकलेली आहेस, तुला दुसरं काम मिळेल. मी एकोणसाठचा आहे, मला मिळणार नाही. तू रागावशील, वर्षभर बोलणार नाहीस, मग येशील. पोरी बापावर किती दिवस राग धरतात, असंही मनात म्हणालो. दुसऱ्या दिवसापर्यंत थांबलो नाही, कारण थांबलो असतो तर आईला सांगावं लागलं असतं आणि तिनं सही करू दिली नसती.

दत्तोबा मला त्या वेळी आठवलेसुद्धा नाहीत. तू आठवली होतीस. सही करत होतो तेव्हाही आठवत होतीस.

पप्पा